सांधेवाल्याच्या डोळ्यांनी

चि. भाऊ,

माळ्यावरच्या खोलीत चार वर्षे खपून तू उभारलेल्या बोरघाटाच्या लघुरेल्वेची अकरा छायाचित्रे परवा पोचली. ती मी आधी चष्म्यातून आणि मग भिंगाखाली धरून इतका वेळ पाहिली, की ताटातले अन्न निवून गेले. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुल्या केलेल्या लघुरेल्वेच्या संग्रहालयात तुला नेले होते, तेव्हा गाड्या थांबल्यावरही तू त्यांच्या भोवतालचे गाव न्याहाळत उभा होतास, त्याची सारखी आठवण येत होती.

सदतिसास एक अशी चढण असलेल्या आणि १८६३ साली खुल्या झालेल्या त्या मार्गावर गाडीने डोंगराच्या नाकाडावर थांबावे, इंजिनाने दुसऱ्या टोकास यावे आणि मग उलट दिशेने वर चढू लागावे, ही १९२९ पर्यंत चाललेली वहिवाट तू सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात इमानेइतबारे उतरवली आहेस. मीटरभर लांबीस सत्तावीस मिलिमीटरांची चढण तू कोठेही सैल पडू दिली नाहीस, याचे मला फार कौतुक वाटते. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती तर भिंगाखालीही माती म्हणूनच शोभते. कातळाविषयी मात्र स्पष्ट लिहितो. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांनी, पायरीवर पायरी रचावी तसा चढतो, आणि तुझ्या प्लास्टरवरच्या भेगा उभ्या उतरल्या आहेत. तेवढे खरवडून पुन्हा कर.

आता सातव्या छायाचित्राविषयी. बाकीची दहा तू उभ्याने, वरून घेतलेली आहेस, त्यामुळे त्यांत घाट दिसतो खरा, पण टेबलावर मांडलेला दिसतो. सातव्यात तू कॅमेरा रुळांच्या पातळीवर आणलास आणि कंदील घेऊन उभ्या असलेल्या त्या सांधेवाल्याच्या, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या, डोळ्याशी भिंग भिडवलेस. त्यासरशी इंजिन अंगावर येते, दरी खोल होते, आणि वर कोठे तरी बोगद्याच्या तोंडाशी अंधार साचलेला आहे असे वाटून माझ्या छातीत क्षणभर धस्स झाले. अशा छायाचित्रात सारा पसारा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरात असल्यामुळे जवळचे रेखीव आले की दूरचे धूसर होते, आणि ती धूसरताच खेळण्याची चुगली करते. म्हणून भिंगाचे छिद्र शक्य तितके बारीक कर आणि प्रकाश आत यायला भरपूर वेळ दे. दिवाही एकच, आणि तोही दूर ठेव. दोन दिव्यांनी सांधेवाल्याला दोन सावल्या पडल्या, तर आकाशात दोन सूर्य मानावे लागतील.

या विद्येत मी ज्याला गुरुस्थानी मानतो, तो जॉन ॲलन (१९१३–१९७३) कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे राही. व्यवसायाने तो छायाचित्रकार होता. आपल्या घराच्या तळघरात त्याने जमिनीपासून छतापर्यंत भिडणारे डोंगर उभारून त्यांतून एक काल्पनिक रेल्वे खेळवली होती. आरसे बेमालूम लपवून तो लहान जागेचा विस्तार वाढवी, आणि इतर हौशी मंडळी झगझगीत कोऱ्या इंजिनांवर भाळत असता तो आपल्या इंजिनांवर गंज, काजळी आणि धूळ चढवून ती राबून थकलेली दाखवी. त्याची छायाचित्रे मासिकांतून येत, आणि ती पाहून दूरदूरचे लोक आपल्या माळ्यांवर नि तळघरांत डोंगर रचू लागले.

१९७३ च्या जानेवारीत तो वारला. पुरते दोन आठवडेही लोटले नव्हते, तोच आग लागून त्याच्या रेल्वेचा बहुतेक सारा पसारा भस्मसात झाला. उरली ती मुख्यतः छायाचित्रे. १९८१ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, आणि आज ते डोंगर ज्याला पाहायचे असतील त्याला ते त्या पानांत भेटतात. एवढ्या मोठ्या सृष्टीचे बहुतेक दफ्तर कागदाच्या काही चौकोनांत उरावे, हे मनात आले की मी तो ग्रंथ मिटून काही वेळ तसाच बसून राहतो.

तुझ्या माळ्याचे छप्पर कौलारू आहे आणि मृग तोंडावर आला आहे. कौले चाळून घेशीलच. पण त्याआधी घाटाच्या प्रत्येक वळणाची, प्रत्येक बोगद्याची आणि प्रत्येक पुलाची छायाचित्रे, सगळी सांधेवाल्याच्या उंचीवरून, घेऊन ठेव. गाडीच्या पाठीमागे लागणाऱ्या बँकर इंजिनाचे एकही छायाचित्र तू पाठवलेले नाहीस. कर्जतला गाडीच्या शेवटी ते इंजिन जोडताना जो हलका धक्का बसे, तो तुझे आजोबा झोपेतही ओळखत. ते इंजिन, त्याच्या टाकीवर ओघळलेल्या पाण्याच्या डागांसह, मला जवळून पाहायचे आहे.

घरी सर्वांस यथायोग्य.

तुझा,
मामा