गिरणाऱ्याच्या वाटेवर जुनी चाके

नाशिकच्या पश्चिमेला, गोदावरी जिकडून वाहत येते तिकडे सायकल वळवली, की तासाभरात दोन गोष्टींचा अंदाज येतो : एक आपल्या तब्येतीचा आणि दुसरा सायकलीच्या चाकांचा. गंगापूर रोडने आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव आणि पुढे गिरणारे अशी ही वाट आहे. आनंदवल्लीपर्यंत गतिरोधक जागोजागी भेटतात. सोमेश्वरच्या आसपास नदी काळ्या कातळावरून उड्या घेत उतरते, पुढे गंगापूर धरणाचा मातीचा लांबलचक बांध दिसू लागतो आणि मग दोन्ही हातांना द्राक्षबागा व भाजीपाल्याची शेते सुरू होतात. आश्विनात आलात, तर बागांमध्ये गोडी छाटणीची गडबड असते आणि गिरणाऱ्याच्या बाजाराकडे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल वाळून त्याची ढेकळे होतात. पावसाळ्याने उखडलेल्या कडांवर खडी पसरलेली असते. शहरात मुकाट्याने फिरणारे चाक या खडीवर बोलू लागते.

सायकल हा नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. त्या सायकली शर्यतीच्या, सडपातळ चाकांच्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाहनतळात मात्र जाड टायरांची, गिअरची, २६ इंची चाकांची माउंटन बाइक उभी असते. मुलांसाठी घेतलेली असते, मुले शिक्षणाला बाहेरगावी जातात आणि सायकल भिंतीला टेकून राहते. पुढे कधीतरी डॉक्टर व्यायामाचे नाव काढतात आणि ती झटकून बाहेर काढली जाते. तेव्हा प्रश्न उभा राहतो, की या जुन्या चाकांवर खर्च करावा की ती बदलून टाकावीत?

रविवारी सकाळी या वाटेवर माझ्याबरोबर येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्ही सारे त्यांना सर म्हणतो. वय पासष्टीच्या पुढे, मधुमेह जुना, दोन्ही गुडघ्यांची कूर्चा झिजलेली. चालायला लागले, की एका किलोमीटरमध्ये गुडघे तक्रार करतात. सायकलीवर मात्र ते तासभर सहज जातात, कारण शरीराचा बराचसा भार सीटवर असतो आणि गुडघा धक्क्याविना हलता राहतो. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले, की रक्तातील साखर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगतात. सरांचा हा सारा हिशेब त्या एका सायकलीवर उभा आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या मागच्या चाकाच्या तारा तुटू लागल्या. दोन महिन्यांत तीन. प्रत्येक वेळी एक तार बदलायची, आऊट काढायचा आणि पुन्हा निघायचे. एका दुकानाने सल्ला दिला, की सायकल जुनी झाली, नवीन घ्या. सर मला म्हणाले, “डॉक्टर, पैशांचं सोडा. पण त्या नव्या २९ इंची सायकलीवर पाय टाकायचा कसा? गुडघा एवढा वर येत नाही हो माझा.” म्हणजे ही सायकल थांबली, तर व्यायामही थांबण्याची भीती होती. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. परतीच्या उतारावर चाकाने दगा दिला, तर या वयात मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. तेव्हा निर्णय भावनेने न घेता तपासणी करून घ्यायचे ठरले.

चाकाची तपासणी समजून घ्यायची, तर चाक भार कसे पेलते ते पाहिले पाहिजे. बैलगाडीच्या लाकडी चाकात गाडीचा भार तुंब्याखालच्या जाड आऱ्यावर उभा राहतो. सायकलीच्या बारीक तारेला असा भार उभ्याने पेलता येत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तेथील तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि चाक पुढे सरकले की पुन्हा चढतो. २६ इंची चाक एका किलोमीटरमध्ये जवळजवळ पाचशे फेरे घेते. गिरणाऱ्यापर्यंत एकदा गेले, की प्रत्येक तारेने हजारो वेळा हा चढउतार सोसलेला असतो. तारा मुळात सैल असतील तर हा चढउतार त्यांना अधिक जाचतो आणि हबजवळच्या वाकलेल्या टोकाशी धातू थकून तुटतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, गिअरच्या चकत्यांकडे, हे जास्त घडते. एक तार फांदी अडकून तुटली, तर ती एकच बदलावी. एकामागून एक तुटू लागल्या, तर बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत असे समजावे.

जुन्या नाशकात, तांबट लेनपासून जवळच्या एका बोळात चाक बांधणारे एक वयस्क कारागीर आहेत. हा परिसर तांब्यापितळेच्या भांड्यांचा. भांड्याची कल्हई गेली म्हणून येथे कोणी भांडे टाकून देत नाही, कल्हई पुन्हा करतात. बूड पातळ झाले असेल, तर मात्र कल्हईने भागत नाही. कारागिरांनी चाक सायकलीतून काढले आणि बोटाने एकेक तार छेडत कान लावला. ताणलेली तार उंच सूर देते, सैल तार बद्द वाजते. मला आमच्या पेशातील लिओपोल्ड आऊएनब्रुगर आठवले. ऑस्ट्रियातील या वैद्याने बोटांनी छाती ठोकून आतील अवस्था ओळखण्याची पद्धत १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव होते. पिंप ठोकून त्यात मद्य किती उरले आहे हे ओळखण्याची रीत त्यांना घरूनच ठाऊक होती, असे सांगतात. द्राक्षांच्या गावात ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

“डॉक्टरसाहेब, आऊट आत्ता काढून देतो,” कारागीर म्हणाले, “पण पंधरा दिवसांनी परत याल. या तारांचा जीव संपलाय.”

मग त्यांनी चाकाचे तीन भाग वेगवेगळे पाहिले. पहिला हब. आस बाहेर काढून छर्रे कपड्यावर ओतले. अशा सायकलींच्या मागच्या हबमध्ये बहुधा दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात, पुढच्यात त्याहून बारीक दहा-दहा. छर्रे आणि कोन झिजले असतील, तर ते थोडक्या पैशांत नवे मिळतात. हबच्या आतील वाटीला खड्डे पडले असतील, तर मात्र तो हब संपला. सरांच्या मागच्या हबची वाटी आरशासारखी गुळगुळीत होती. केवळ ग्रीस वाळून काळे पडले होते.

दुसरा भाग रिंग. रिंगची कड ब्रेकच्या रबरांनी घासली जाते. तिच्यावर बोट फिरवल्यावर ती आत खोलगट लागली, तर धातू पातळ झाला आहे आणि हवेच्या दाबाने कड फाटू शकते. तारांच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा आहेत का, तेही पाहायचे. सरांच्या मागच्या रिंगला दोन भोकांपाशी अशा चिरा निघाल्या. चिरलेल्या रिंगमध्ये नव्या तारा ताणण्यात अर्थ नसतो. तिसरा भाग तारांचा, त्यांचा निकाल आधीच लागला होता.

मागच्या चाकाचा हब उत्तम निघाल्यामुळे तोच ठेवून नवी दुपदरी रिंग आणि ३२ नव्या तारा घालायचे ठरले. पुढच्या चाकाची गोष्ट उलटी निघाली. त्याच्या तारा एकसुरी वाजत होत्या, पण रिंगची कड खोलगट झाली होती आणि हबच्या वाटीला खड्डे होते. दोन मुख्य भाग गेले, की तिसऱ्यासाठी मजुरी घालणे परवडत नाही. ते चाक तयार नवे घेतले. एकाच सायकलीची दोन चाके, दोघांचे वय सारखे, तरी निर्णय वेगळा. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे शेजारी लावून पाहताना आम्हा डॉक्टरांनाही हेच दिसते. वयावरून उपचार ठरत नाही, कोणत्या भागात किती झीज आहे यावरून ठरतो.

तयार चाक घेतानाही मापे पाहावी लागतात. २६ इंची माउंटन बाइकची रिंग टायर बसतो त्या जागी ५५९ मिलिमीटर व्यासाची असते. नव्या सायकलींची साडेसत्तावीस इंची चाके ५८४ आणि २९ इंची चाके ६२२ मिलिमीटरची. ती जुन्या सांगाड्यात रिंगवरच्या ब्रेकशी जुळत नाहीत. जुन्या मागच्या हबची रुंदी बहुधा १३५ मिलिमीटर असते. नवे १४२ किंवा १४८ मिलिमीटरचे हब जाड आरपार आसावर बसतात, ते या सांगाड्यात मावत नाहीत. केवळ डिस्क ब्रेकसाठी केलेल्या रिंगला ब्रेक घासायची सपाट कडच नसते. तेव्हा जुने चाक दुकानात सोबत नेणे हाच उत्तम मार्ग. २६ इंची टायर व ट्यूब आपल्याकडे अजून सहज मिळतात, ही या सायकलींची जमेची बाजू.

चाक बांधायला कारागिरांना अर्धा दिवस लागला. प्रत्येक तार इतर तीन तारांना ओलांडून रिंगपर्यंत जाते. सगळ्या तारा थोड्या थोड्या, फेरी फेरीने ताणायच्या, मध्येच जोडीजोडीने मुठीत दाबून बसवायच्या आणि पुन्हा सूर पाहायचा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाक एकदा दाखवून जा, असे त्यांनी बजावले, कारण नव्या तारा बसताना थोड्या सैल पडतात.

वाचकहो, आपल्या घरी अशी सायकल असेल, तर टाकून देण्याआधी एवढे करावे. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबरापासूनचे त्याचे अंतर डोलते का ते पाहावे. रिंग धरून आडवी हलवावी. खडखड लागली तर हब उघडून घ्यावा. रिंगच्या कडेवरून व भोकांवरून बोट फिरवावे. हब चांगला असेल तर चाक बांधून घेणे बहुधा फायद्याचे. हब आणि रिंग दोन्ही गेली असतील तर चाक बदलावे. सांगाड्यालाच चीर असेल, तर सायकल बदलावी, तेथे हळवे होऊ नये. पुढच्या चाकाबाबत शंका उरली, तर काटकसर करू नये. मागचे चाक बिघडले तर बहुतेक वेळा माणूस सावरतो, पुढचे बिघडले तर तोंडावर पडतो.

नव्या चाकांवर पहिल्या रविवारी सर सोमेश्वरपर्यंतच गेले, दुसऱ्या रविवारी धरणापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात आम्ही गिरणाऱ्याला पोहोचलो, तेव्हा बाजारात लिलाव सुरू झाला होता. सरांनी सायकल उभी केली, दोन किलो टोमॅटो घेऊन पिशवी हँडलला अडकवली आणि चहावाल्याला बिनसाखरेचा चहा सांगितला.