किरकोळ

गेल्या हिवाळी सुट्टीत मी पहिल्यांदा पूर्वेचा समुद्र पाहिला. माझा दादा नौदलात भरती झाला आणि ओडिशातल्या आयएनएस चिल्का या केंद्रात त्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं. तिथलं दीक्षान्त संचलन सूर्यास्तानंतर दिव्यांच्या उजेडात झालं. एकसारख्या गणवेशातल्या त्या रांगांमध्ये दादा कुठे आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आई मात्र प्रत्येक रांगेकडे बोट दाखवून "तो बघ, तो बघ" म्हणत होती.

दादा पुढच्या प्रशिक्षणाला गेला. आमचं परतीचं आरक्षण दोन दिवसांनंतरचं होतं. बाबा म्हणाले, "एवढ्या लांब आलोच आहोत, तर जगन्नाथाला जाऊन येऊ."

पुरी स्टेशनवर बाबांनी माझ्या हातात चार हजार रुपये ठेवले. "तुमच्या शाळेत शिस्त शिकवतात ना? दोन दिवस कोठी तुझ्याकडे. राहणं, खाणं, गाडीतलं जेवण, सगळं यात बसव." बाबांची गावात पिठाची गिरणी आहे. त्यातल्या बऱ्याच नोटा दहाच्या होत्या आणि त्यांना पिठाचा वास येत होता. त्यांनी एक कोरी नोट उलटी करून दाखवली. मागे कोणार्कचं सूर्यमंदिर होतं. "रोज हे देऊळ गल्ल्यात टाकतो. एकदा खरं बघायचंय."

कोणार्क पुरीहून साधारण 35 किलोमीटर. सहलीच्या बसचं तिकीट माणशी 250 रुपये. मी वहीत लगेच 750 रुपये बाजूला लिहून ठेवले.

धर्मशाळेत खोली मिळाली, दोन दिवसांचे 1000 रुपये. खोलीत एक पलंग, एक सतरंजी आणि खिळ्याला अडकवलेला आरसा. मी सतरंजी घेतली. सकाळी हातगाडीवर बरा-घुगनी, म्हणजे वडे आणि वाटाण्याची उसळ खाल्ली. देवळापर्यंत बडदांडाने, ज्या रुंद रस्त्यावरून रथ ओढतात त्याच रस्त्याने चालत गेलो. सिंहद्वारासमोर सुमारे 10 मीटर उंचीचा अरुणस्तंभ आहे. तो मुळात कोणार्कचा. अठराव्या शतकात ओडिशावर मराठ्यांचा अंमल असताना तो तिथून इथे आणला गेला. हे बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले. "म्हणजे कोणार्कचा एक तुकडा बघून झाला," ते म्हणाले.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. स्वर्गद्वाराजवळच्या किनाऱ्यावर आमच्या गावच्या जत्रेच्या दहापट गर्दी. चहावाले, शंखवाले, मोत्यांच्या माळा विकणारे, सजवलेले उंट. ओडियापेक्षा बंगालीच जास्त ऐकू येत होतं. टोकदार टोप्या घातलेले नोलिया लोकांचे हात धरून त्यांना लाटांत नेत होते. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे कोळी, इथल्या समुद्राची ओढ त्यांना ठाऊक. आईने वाळूत चादर अंथरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी माझा शाळेतला नंबर ओरडलं. माझा वर्गमित्र होता. त्याचे आईवडील समुद्रासमोरच्या मोठ्या हॉटेलात उतरले होते. मी चादरीपासून थोडा पुढे आलो होतो, तसाच आणखी पुढे गेलो.

"तुम्ही कुठे उतरलात?" त्याने विचारलं.

"इथेच, जवळ."

"काका-काकू?"

"खोलीवर आहेत," मी म्हणालो.

ते माझ्या मागे पन्नास पावलांवर होते.

त्यानंतरची सगळी बिलं मीच दिली. तळलेली कोळंबी, थंड पेय, दोघांचा उंट, फोटो. तो पाकीट काढत होता तरी मी देऊ दिलं नाही. एकूण 640 रुपये. रात्री धर्मशाळेच्या पिवळ्या दिव्याखाली मी वहीत लिहिलं, "ऑटो व किरकोळ – 640." बाबांनी वही वाचली, मिटली आणि उशाशी ठेवली. काहीच विचारलं नाही. मी सतरंजीवर पडून हिशेब करत राहिलो. आमच्या गिरणीत एक किलो दळायचे पाच रुपये मिळतात. 640 रुपये म्हणजे 128 किलो दळण.

सकाळी बाबांनी आम्हाला अंधारातच समुद्रावर नेलं. कोकणात सूर्य समुद्रात बुडताना पाहिला होता, इथे तो समुद्रातून वर आला. आईने हात जोडले. मी म्हणालो, "बाबा, कोणार्कची बस आठला आहे." ते म्हणाले, "राहू दे. उन्हात दगड काय बघायचे? पुढच्या वेळी." शिलकीत गाडीतलं जेवण, महाप्रसाद, गावासाठी खाजा आणि ऑटो धरून जेमतेम 370 रुपये उरत होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी देवळातल्या आनंदबाजारात महाप्रसाद घेतला. चुलीवर मातीच्या मडक्यांत शिजलेला भात आणि डालमा. तिथे सगळे जमिनीवर बसतात, कुणी जातपात बघत नाही, श्रीमंती बघत नाही. आमच्या एका बाजूला जरीच्या साडीतल्या आजी होत्या, दुसऱ्या बाजूला फाटक्या शालीतले एक बाबाजी. आजींनी आपल्या मडक्यातला भात आईच्या पानावर वाढला आणि आईने तो सहज घेतला. कुणी कुणाला कुठे उतरलात ते विचारलं नाही. माझा घास मात्र खाली उतरेना.

बाहेर आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. पैशांचं आधी सांगितलं, कारण ते सोपं होतं. "खोलीवर आहेत" म्हणालो ते सांगायला बराच वेळ लागला.

बाबा म्हणाले, "उंटावर बसला होतास. बघितलं मी."

"मग रात्री बोलला का नाहीत?"

"कोठी तुझ्याकडे होती. हिशेब तू द्यायचा."

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "त्या पोराला घेऊन यायचं की चादरीवर. दशम्या चिक्कार होत्या."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. आईच्या त्या वाक्याने मला रडू आलं. शाळेत आम्ही बूट आरशासारखे चमकवतो आणि मान ताठ ठेवून चालतो. पण ती मान एका दशमीच्या डब्यापुढे खाली गेली होती, आणि तेही कुणी मला हसलं नसताना.

गाडीत बसल्यावर बाबांनी पेन पुढे केलं. मी "ऑटो व किरकोळ" खोडलं आणि खाली लिहिलं, "मित्रापुढे खोटा मोठेपणा – 640." बाबांनी वाचून त्याखाली सही केली.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी मी वर्गमित्रालाही खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या वाटणीच्या दशम्या राहिल्या?" आता घरून डबा आला की पहिली दशमी त्याची असते.

ती कोरी दहाची नोट बाबांनी मलाच दिली आहे. ती त्याच वहीत आहे. मी दर महिन्याला खर्चायच्या पैशांतून थोडे बाजूला ठेवतो आणि त्या पानावर लिहून ठेवतो. 750 होऊन कधीच गेले, पण मुंबईहून पुरीपर्यंतचं भाडंही धरायचं आहे. पानाच्या वर मी लिहिलंय, "बाबांचं कोणार्क – बाकी."

– एक कॅडेट, इयत्ता दहावी