सोनेरी ड्रिल

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमचं पहिलं काम आलं, तेव्हा मी सोनेरी मुलाम्याची स्वस्त ड्रिलं आणली. चमक बघून, दुसरं काय! दहाव्या भोकाला कीस पिळाच्या खाचेत गच्च बसला, ड्रिल आतच मोडलं. प्लेट गेली, आठवड्याची मजुरीही गेली.

अब्बा ओरडले नाहीत. मोडका तुकडा त्यांनी मला उजेडात धरायला लावला. ॲल्युमिनियम मऊ, म्हणूनच चिकट. ज्या मुलाम्यात ॲल्युमिनियम असतं, त्याला तर ते जास्तच चिकटतं. साधं एचएसएस चालतं, पण खाच रुंद आणि पॉलिश केलेली हवी, पीळ नेहमीच्या ३० अंशांऐवजी ३५-४० चा. थोडं रॉकेल सोडायचं, मधूनमधून ड्रिल वर घ्यायचं.

आता दुकानदार दर सांगत असतो आणि मी खाचेवर नख फिरवत असतो.