पंचमीपर्यंतची जेवणं



दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे सगळे मिळून जेवायला बसतात का? आमच्याकडे वर्षातून सहा दिवस बसतात. अमावास्येच्या पूजनाला दुकान बंद होतं ते ज्ञानपंचमीच्या मुहूर्ताला उघडतं. कापडाचं दुकान असल्यामुळे दिवाळीआधीचे पंधरा दिवस ह्यांचा चोविहार दुकानातच होतो. साडेपाचला डबा पाठवायचा, गिऱ्हाईक समोर असलं तरी गाठोड्यांच्या मागे बसून दहा मिनिटांत जेवायचं. मुलीचा दहावीचा क्लास असतो, थोरला जुलैपासून पुण्याला. त्यामुळे देवळ्यात एका वेळी पाच ताटं वाढायची ती याच सहा दिवसांत.

आता ही सहा दिवसांची जेवणं ठरवायची म्हणजे पंचांग घेऊनच बसावं लागतं. आमच्या सासूबाई (आम्ही त्यांना बाई म्हणतो) तिथीला हिरवं खात नाहीत, म्हणून तिथीला घरात हिरवं शिजतच नाही. आणि दिवाळीत बघा कशा तिथी येतात. चौदस, अमावास्या, बीज, पंचमी! हिरव्या भाजीला उरले पाडवा, तीज आणि चौथ. त्यातून ऑक्टोबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा आंब्याचा रस निवांत वाढता येतो. दिवाळीत मात्र साडेतीनला गॅस लावला नाही तर साडेपाचला पानं पडत नाहीत. सूर्यास्ताआधी जेवायचं हे घरातले सगळे पाळतात. सूर्यास्ताआधी स्वयंपाक व्हायला हवा हे कोण पाळतं, ते मी तुम्हाला काय सांगू?

अमावास्येला बाईंचा उपवास होता. आम्ही गट्ट्याची भाजी, पुऱ्या आणि लापशी केली. जेवून, भांडी आवरून दुकानात पूजनाला गेलो, परत आल्यावर महावीर स्वामींच्या निर्वाणाचा जाप झाला. आमच्या घरी फटाके नाहीत. शेजारच्या मुलांचे वाजत होते, त्या आवाजातच माळा झाल्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, वीर निर्वाण संवत २५५२ चा पहिला दिवस. सकाळी मांगलिक ऐकून आलो. संध्याकाळी नवीन बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि गिलक्याची भजी. गिलक्याची भजी मी परातभर केली तरी पुरत नाहीत, ही खानदेशच्या अंगणातली सवय आहे आमच्या घराला.

त्या भज्यांवरूनच विषय निघाला. थोरला म्हणाला, "मम्मी, मेसमध्ये बुधवारी भजी असतात, पण कांद्याची."

ह्यांनी विचारलं, "मग तू काय करतोस?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "पप्पा, खातो. आणि मेस साडेसातला उघडते. ऑगस्टपासून माझा चोविहार झालेला नाही."

सरळ सांगितलं त्याने. फोनवर तीन महिने "जेवलो" एवढंच सांगत होता, ते खोटं नव्हतंच. ह्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि उठून ओसरीवर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "चांदवडला घातला असता तर रोज घरी आला असता." चांदवडच्या आपल्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या इंजिनिअरिंग कॉलेजबद्दल ते बोलत होते. आश्रम १९२८ सालचा, आमच्या घरातली दोन माणसं तिथे शिकून गेली आहेत. पण मुलाला हवी ती शाखा पुण्याला मिळाली आणि पाठवायचं आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना हे नवीन नसेल. पण घरात ८१ वर्षांची आजी असते तेव्हा हे वाक्य तिच्यासमोर कसं पडतं, त्याचाच आधी धसका बसतो. बाईंनी आयुष्यात रात्री पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. मला वाटलं आता रडतील, किंवा मलाच काही बोलतील. त्यांनी नातवाला विचारलं, "तुला भूक कधी लागते?"

"कॉलेज पाचला सुटतं दादी, तेव्हा."

"मग तेव्हा काय खातोस?"

"वडापाव."

बाई हसल्या. "म्हणजे जेवायच्या वेळेला बटाटा खातोस आणि निजायच्या वेळेला जेवतोस. भूक तर वेळेवरच लागते की तुला."

यावर पुढे कुणीच काही बोललं नाही. सहाला अंधार झाला, मग पाणीही नाही. एवढ्या लवकर जेवण झालं की संध्याकाळ फार मोठी होते. टीव्ही लावला तरी नऊ वाजत नाहीत. सामायिक झालं, मुलीने दादाला पत्त्यात हरवलं, हे अजून ओसरीवरच. मुलांना नऊला भूक लागते म्हणून कितीतरी घरांत चोविहार सुटला, हे आपण पाहतो. त्या रात्री थोरला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि परत गेला, ते मी पाहिलं.

बीजेला नणंदबाई मालेगावहून आल्या, एकूण अकरा माणसं. नंदिवर्धन राजाची गोष्ट आपल्याला माहीतच आहे. भावाच्या निर्वाणाने तो अन्नपाणी सोडून बसला, तेव्हा सुदर्शना बहिणीने त्याला घरी बोलावून जेवू घातलं, ती ही बीज. नणंदबाईंनी उलट भावाच्या घरी येऊन कणीक मळायला घेतली! दाळ-बट्टी आणि चुरमा. आपल्या भागात बट्टीबरोबर वांग्याची भाजी लागतेच. शेजारच्या वहिनी दरवर्षी विसरून ती घेऊन येतात, दारातच जीभ चावतात आणि आमच्याकडून चुरमा घेऊन परत जातात. दाळीत आलं नाही, सुंठ घालायची. कांदा-लसूण नसला की दाळ बेचव लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी हिंग आणि जिरं तुपात नीट तडतडू द्यावं. अर्ध्यात फोडणी ओतली की दाळ बेचवच होणार.

गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी, उमराण्याचा बाजार सगळ्या तालुक्याचा, आमच्या दुकानातला दिवाळीचा धंदासुद्धा कांद्याच्या भावावर. या वर्षी भाव पडलेला, तर साड्यांची गिऱ्हाइकं ड्रेस मटेरियलवर आली. ज्याच्यावर गाव जगतं ते आपल्या घरात येत नाही, हे मला लग्न होऊन आले तेव्हा फार विचित्र वाटायचं. आता सवय झाली. पण थोरल्याला म्हणाले, देवळ्यात राहून जे जमलं ते पुण्यात जमणार नाही असं नाही. तर तो म्हणाला, "मम्मी, इथे तू होतीस."

ते खरंच होतं. त्याने नियम सोडला असं आपण म्हणतो, पण साडेतीनला गॅस लावणारं माणूस तिकडे कुणी नाही, हेही तितकंच खरं. पुण्यात जैन मेस आहेत, त्याच्या कॉलेजपासून लांब पडतात. मग उरतं काय? सकाळी स्वतः करून नेलेला डबा. तीन मित्रांची भाड्याची खोली आहे, शेगडी आहे, तवा आहे. तव्यावर अजून फक्त मॅगी झालेली आहे.

म्हणून तीजेला मांगीतुंगीला जायचं ठरलं होतं त्या दिवशी पहाटे पाचला मी त्याला उठवलं. मुलगीही उठून आली. म्हणाली, "मला पण शिकव, पण सासरी उपयोगी पडेल असं म्हणू नकोस." म्हटलं नाही म्हणणार. दोघांनी मिळून दशम्या केल्या. कणकेत मीठ, ओवा, थोडं तेल, आणि पाण्याऐवजी दूध. दुधात मळलेली दशमी पहाटेची संध्याकाळी मऊ राहते, पोळीचं चामडं होतं. कच्च्या केळ्याची कोरडी भाजी केली. केळी सालासकट उकडून घेतली की काळी पडत नाहीत आणि बटाट्याची आठवण येत नाही. दह्याचं काही घेतलं नाही. थोरल्याच्या दशम्या नकाशासारख्या झाल्या. त्याने त्या वेगळ्या बांधल्या, "या मीच खाणार" म्हणून.

आम्ही स्थानकवासी, मूर्तीची पूजा आमच्यात नाही. पण मांगीतुंगी आपल्या बागलाणात आहे, सटाण्यावरून ताहाराबादला गेलं की डोंगराची ती दोन टोकं दिसायला लागतात, आणि बाईंना लहानपणापासून त्यांची ओढ. त्या वर चढत नाहीत आता, पायथ्याशी बसतात. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. २०१६ मध्ये ज्यांची प्रतिष्ठा झाली ते ऋषभदेव भगवान तिथे अखंड पाषाणात १०८ फूट उभे आहेत, त्यांच्या पायाशी माणूस मुंगीएवढा दिसतो. रामचंद्र आणि हनुमान याच डोंगरावरून मोक्षाला गेले असं मानतात. ह्यांनी आणि थोरल्याने चढताना काय बोलणं केलं मला माहीत नाही, मी आणि मुलगी मागे राहिलो होतो. उतरताना मात्र ह्यांच्या खांद्यावरची पाण्याची पिशवी त्याच्याकडे आली होती.

परतताना पाच वाजून गेले. ताहाराबादच्या पुढे एका कडुनिंबाखाली गाडी थांबवून सतरंजी टाकली आणि डबे उघडले. बाईंना सासरे आठवले. दुकान होण्याआधी सासरे सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून उमराणे, लोहोणेर, खर्डे असे आठवड्याचे बाजार करायचे. घरी यायला रात्र व्हायची. हँडलला दशम्यांचा डबा असायचा. ऊन पिवळं पडलं की जिथे असतील तिथे सायकल उभी करायची, कधी बांधावर, कधी यष्टीच्या थांब्यावर, आणि जेवून घ्यायचं. "चाळीस वर्षं संध्याकाळचं गरम जेवले नाहीत ते," बाई म्हणाल्या, "आणि तो डबा मी पहाटे चारला करायचे." थोरल्याने आपली नकाशाची दशमी मोडून अर्धी त्यांना दिली. त्यांनी खाल्ली. कडक झाली आहे म्हणाल्या.

चौथीचा सगळा स्वयंपाक त्याने केला. मुगाची खिचडी, गवारीची भाजी आणि कढी. कढीचं मात्र मी उभी राहून करून घेतलं. कच्च्या ताकात बेसन कालवलं की द्विदल होतं, म्हणून ताक आधी चांगलं तापवायचं, मगच बेसन. तापवताना ढवळत राहायचं, हात थांबला की ताक फाटतं. एकदा फाटलं. दुसऱ्यांदा जमली. साडेपाचला सुरुवात केली असती तर अंधारच झाला असता, हे त्याला त्या दिवशी नीट कळलं, कारण तीनला सुरू करून पावणेसहाला पानं वाढली.

पंचमीला सकाळी दुकानाचा मुहूर्त, घरी सगळी पुस्तकं पुसून मांडली, त्यात त्याची कॉलेजची जाडजूड पुस्तकंही ठेवली. संध्याकाळी हिरवं नाही, म्हणून शेवभाजी, सुकं खोबरं, तीळ आणि धने भाजून केलेल्या मसाल्याची. जेवण झाल्यावर बाईंनी त्याला विचारलं, किती दिवस जमेल? त्याने नियम घेतला नाही. म्हणाला, "दादी, नियम घेऊन मोडायचा नाही मला. आधी करून बघतो." ह्यांना ते आवडलं नसावं. बाई "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने गेला. खाखरे, शंकरपाळे, मेतकूट आणि भाजलेला मसाला दिला. अजून चातुर्मास संपला नव्हता, म्हणून तेरसेच्या शंकरपाळ्यांचा काळ १५ दिवसांचाच धरायचा. थंडीत ३० दिवस चालतात. बाईंनी प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिथी लिहिली, केली कधी आणि संपवायची कधी.

परवा फोन आला. सहा दिवसांपैकी चार दिवस डबा नेला, दोन दिवस उठायला झालं नाही, तेव्हा मेसमध्ये जेवला. वर्गातला एक मराठवाड्याचा मुलगा त्याच्याबरोबर पाचला डबा खायला बसतो, म्हणून आता आठ दशम्या कराव्या लागतात. बाई शेजारीच बसल्या होत्या. फोन हातात घेऊन म्हणाल्या, "दूध कोमट करून घेत जा, थंड दुधाने कडक होतात."

दशमीचं प्रमाण चौघींनी विचारलं होतं, म्हणून लिहिते: दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी दूध, लागलं तर चमचाभर जास्त, आणि मळल्यावर पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं.