पोटातलं हिव

२९ डिसेंबर २०१८च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मी रात्री पोटभर जेवून दुलईत झोपले होते. उठून चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले, तर नाकाचा शेंडा तेवढा गार पडला. बाकी अंगाला ती थंडी चक्क आवडली.

मला आठवते ती थंडी दुसरीच, त्याच्या कितीतरी वर्षं आधीची. बाबांना इथल्याच एका सरकारी दवाखान्यात भरती केलं होतं. पारा बारा-तेराच्या आसपास असेल, म्हणजे आमच्या डिसेंबरात रोजचाच. पहिली रात्र व्हरांड्यात एका शालीवर सहज निघाली. तिसऱ्या रात्री तीच शाल, तीच फरशी, आणि दात वाजायचे थांबेनात. दोन रात्रींचं जागरण, औषधांसाठी घातलेल्या चकरा, दिवसभरात पोटात नुसता चहा. शेजारी यवतमाळकडची एक आजी टेकली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यातली भाकर मोडून अर्धी पुढे केली. "हिव भाईर नाही बाई, पोटात हाय. खाऊन घे."

ती किती नेमकं बोलली होती, ते पुष्कळ नंतर वाचून कळलं. कुडकुडणं ही स्नायूंनी ऊब कमावण्यासाठी केलेली मजुरीच. तिला स्नायूंत साठवलेली साखर लागते, आणि राबून उपाशी निजलेल्या देहात ती फारशी उरलेली नसते. अंगावर मांस-चरबी नसली, तर कमावलेली ऊब टिकतही नाही. रक्तातली साखर फार उतरली की कुडकुडणंच मंदावतं. म्हणून गारठलेल्या माणसाचं कापणं थांबलं, तर त्याला बरं वाटलं असं समजू नये. शरीराचं तापमान ३५च्या खाली गेलं की जिवाशी गाठ असते.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमजवळून जाताना माझे पाय अजून रेंगाळतात. रात्रभर प्रवास करून आलेले, दिवसभर मोर्चात चाललेले लोक अंधार पडल्यावर मिळेल तिथे पाठ टेकतात. वर्तमानपत्रात शहराचा पारा छापून येतो. कोण काय जेवून झोपलं, ते त्यात येत नाही. चादरी वाटणारे भले लोक येतात. मी पोळी-भाजी नेते, लोक निजायच्या आत.

उरलेली अर्धी भाकर आजीने वॉर्डातल्या नातवासाठी परत बांधून ठेवली होती. ती स्वतः काय जेवली, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.