फुलामागची बाग

गेल्या दिवाळीत आई आणि दादा यांच्यात वाद झाला तो पारिजातकावरून. सांगलीचे आमचे जुने घर २०१३ साली विकले, त्या जागी आता इमारत उभी आहे. आईच्या मते पारिजातक विहिरीला लागून होता, तर दादाच्या मते न्हाणीच्या भिंतीशी. निवाडा माझ्याकडे आला, कारण त्या बागेतली फुले टिपण्याचे वेड घरात मलाच होते.

२००५ मध्ये मी पहिला छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. त्याआधी रोलचा होता. ३६ छायाचित्रांचा रोल बहुधा कुणाच्या तरी लग्नमुंजीत खर्ची पडे आणि फुलांच्या वाट्याला शेवटची चार-पाच येत. त्या साध्या कॅमेऱ्याला जवळचे दिसत नसे. सुमारे एक मीटरच्या अलीकडे गेले की फूल धूसर होई. शिवाय डोळा लावण्याची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळे. दूरच्या डोंगराला त्या दोन बोटांच्या अंतराने काही फरक पडत नाही; परंतु जवळची जास्वंद खिडकीत मधोमध दिसली तरी कागदावर कडेला सरके, कधी निम्मी कापली जाई. आणि हे कळणार रोल संपून, धुऊन आल्यावर. तोवर ते फूल केव्हाच गळलेले.

रोलच्या काळाविषयी हळवे होणाऱ्यांपैकी मी नाही. नवा कॅमेरा हाती आला तेव्हा मोतीबिंदू काढल्यासारखे वाटले होते. भिंग जे पाहते तेच मागच्या पडद्यावर! ट्यूलिपचे चिन्ह असलेले बटण दाबले की काही सेंटिमीटरवरचे परागकण दिसू लागत. (आमच्या अंगणात कधीही न फुललेल्या फुलाच्या चिन्हाने सदाफुलीची छायाचित्रे काढायची, याची सुरुवातीला गंमत वाटे.) फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तर अशा कॅमेऱ्यातला संवेदक जेमतेम ६ बाय ४ मिलिमीटरचा. पण या लहानपणामुळेच त्याचे भिंग आखूड असते आणि फुलाचा अधिक भाग स्पष्ट येतो. रंगांचेही तसेच. मॉर्निंग ग्लोरीचे निळे फूल फिल्मवर हटकून गुलाबी-जांभळे येई, कारण त्या पाकळ्या आपल्या डोळ्यांना न जाणवणारा तांबड्यापलीकडचा प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्मला तो थोडाफार दिसतो. डिजिटलमध्ये तो अडवणारी काच असल्याने निळे निळेच राहिले. उलट लाल जास्वंदीने मात्र फार छळले. लाल रंग इतका भरून जाई की पाकळीवरच्या शिरा नाहीशा होऊन नुसता डाग उरे. उजेड थोडा कमी घ्यायचा, हे शिकण्यात माझा एक पावसाळा गेला.

या नेमकेपणाबरोबर मी कडकही होत गेलो. पडद्यावर वाळके पान दिसले की ते खुडायचे, मागे दोरीवरचे कपडे आले की बसून कोन बदलायचा, सांडपाण्याची मोरी तर चौकटीत येता कामा नये. आठ वर्षांत दोन हजारांहून अधिक छायाचित्रे झाली. दिवाळीच्या त्या दुपारी ती एकेक करून पाहिली. प्रत्येकीत एक निर्दोष फूल आणि त्यामागे हिरवा किंवा काळपट अंधार. फूल कोणत्या दिवशी, किती वाजून किती सेकंदांनी टिपले हे प्रत्येक छायाचित्र सांगते. ते कशाशेजारी होते हे एकही सांगत नाही. पारिजातकाचीच साठ-सत्तर निघाली. केशरी देठ, पांढऱ्या पाकळ्या, त्यांवरचा दहिवर, सारे आहे. झाड नाही. विद्यार्थ्याने निबंधात मागचापुढचा संदर्भ तोडून अवतरण दिले तर मी लाल शाईने खूण करतो. येथे मी स्वतः तेच आठ वर्षे निष्ठेने करत होतो.

शेवटी जुन्या छायाचित्रांचा डबा काढला. त्यात १९९८चे एक होते. उजव्या कडेला कापली गेलेली अर्धी जास्वंद. तेव्हा चिडून अल्बममध्येही न लावलेले. उरलेल्या सगळ्या जागेत धुण्याचा दगड, बादली, दूर डावीकडे विहिरीचा कठडा आणि अगदी मागे, न्हाणीच्या भिंतीला टेकून, पारिजातकाचे खोड.

दादा जिंकला. आईने चष्मा लावून ते छायाचित्र बराच वेळ पाहिले.

“ती बादली बघितलीस का? तिची कडी तुझ्या बाबांनी तारेनं बांधली होती.”

“आणि पारिजातक, आई?”

“तो असेल तिथेच,” ती म्हणाली आणि छायाचित्र तिने स्वतःजवळ ठेवून घेतले.