आजीच्या प्रार्थनेतली नावं

पहाटे चुलीत पहिला जाळ व्हायच्या आधी आजीचा आवाज यायचा. हळू, थोडा घोगरा, एका लयीतला. आम्ही पाचसहा पोरं ओसरीवर एका वाकळेखाली झोपलेलो असायचो. अर्धवट झोपेत तो आवाज कानावर पडत राहायचा आणि आपलं नाव आलं की डोळे आपोआप उघडायचे. आजी प्रार्थनेत सगळ्यांची नावं घ्यायची. मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं, मग गाय, मग शेजार, मग गाव. गेल्या नाताळात आम्ही सगळी चुलत-आते भावंडं पुण्यात एका घरी जमलो. साठी-सत्तरीची माणसं, पण बोलता बोलता विषय आजीच्या यादीवर गेला आणि लक्षात आलं, ती यादी प्रत्येकाला पाठ आहे. फक्त क्रम वेगळा. प्रत्येकाला आपलंच नाव आधी यायचं असं आठवतं.

आमचं घर नेवाशाकडच्या एका गावात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली अहमदनगरला आले आणि पुढे त्यांचं काम नगरहून खेड्यापाड्यांत पसरलं. आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तो याच काळाच्या ओघात. त्या दिवसापासून त्यांनी कमरेत वाकून घालायचा जोहार सोडला. ताठ उभं राहून ‘सलाम’ म्हणायला लागले. आमच्या घरी बाप्तिस्म्याची गोष्ट सांगायची झाली की ती इथून सुरू व्हायची, पाण्यापासून नाही. पाहुणा दारात आला की आम्हा पोरांना उठून सलाम करावा लागे, आणि मान खाली गेली तर आजोबा हनुवटीला बोट लावून ती वर करत. वाकायचं ते एकापुढेच, असं त्यांचं म्हणणं.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आजी नगरच्या बोर्डिंगात शिकलेली, आणि त्या शिक्षणाचा तिला फार अभिमान. सिंथिया फरार बाईंनी नगरला चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या, आणि मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनाने तेव्हाच घेतलं, हे ती आम्हाला शंभरदा तरी सांगत असेल. त्या गावची माती आपल्याही पायाला लागली आहे, असा सांगण्याचा सूर.

घरात पुस्तकं मोजकी. पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’, ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शास्त्र आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठात गुंडाळून फळीवर ठेवलेलं असे. दिवेलागणीला हातपाय धुऊन सगळे कंदिलाभोवती बसायचे. एकेकाने एकेक वचन वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने शब्बाथ शाळेतलं सुवर्णवचन म्हणायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आला की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण त्याचा बराचसा भाग वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. एकदा माझ्या चुलतभावाने चारपाच नावं गाळून पुढे उडी मारली. आजीने पुस्तक त्याच्यापुढे पुन्हा सरकवलं. म्हणाली, “देवाने गाळली नाहीत, तू कोण गाळणार?” त्याला सगळा अध्याय पहिल्यापासून वाचावा लागला.

वाचन झालं की भजन. पेटी आजोबांची, झांजा आमच्याकडे, आणि शेजारचे एक वारकरी बाबा आले की मृदंग. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक, त्यांनी अभंगांच्या वळणाने ख्रिस्ताची पदं लिहिली आणि टाळ-मृदंगाला आमच्या उपासनेत आणलं. 1919 साली ते गेले, पण खेड्यांतल्या मंडळ्यांना त्यांनी स्वतःच्या गळ्याचं गाणं देऊन ठेवलं. परदेशी चालीवरची भाषांतरित गीतंही आम्ही म्हणायचो, पण त्यांना आजीचा आवाज कधी मोकळा लागला नाही. अभंग सुरू झाला की ती डोळे मिटायची. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या हवेत वाढलेल्या बाईला देवाशी ओवी-अभंगाखेरीज दुसऱ्या बोलीत बोलणं जड जाणारच, असं मला आता वाटतं.

नाताळच्या करंज्या, कागदी चांदण्या, पहाटेची गाणी म्हणत निघणारी फेरी, हे सगळं होतंच. पण पुण्यात जमलो त्या रात्री आम्ही त्याबद्दल फारसं बोललो नाही. बोललो ते 1972 च्या कापणीच्या सणाबद्दल.

एरवी या सणाला चर्च धान्याने भरून जायचं. बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, कोंबड्या, अंडी. पहिल्या उत्पन्नातलं जे चांगलं ते देवापुढे आणायचं, मग अंगणात लिलाव. आजोबा स्वतःच वाहिलेला भोपळा दुप्पट किमतीला बोली लावून परत घरी आणत. त्या वर्षी पाऊसच नव्हता. शेतात काही उगवलं नव्हतं. सगळं गाव दुष्काळी कामावर, बाया खडी फोडायला. आजीने आदल्या रात्री कणगीत हात घातला तो तळाला लागला. सकाळी तिने तांब्याभर पाणी घेतलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि तेच वेदीपुढे नेऊन ठेवलं. पाणी दोन मैलांवरून आणलेलं होतं. कुणी शेणी आणल्या, कुणी बाभळीच्या शेंगा. खडी फोडणारी एक बाई आली. तिच्या पदराच्या गाठीत कामावर मिळालेली सुकडी होती. तिने गाठ सोडायला वेळ लावला, कारण बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. सुकडी कागदावर ओतली आणि पदर झटकून उरलेले कणही त्यात पाडले.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी लिलाव पुकारलाच नाही. भक्ती संपल्यावर सगळ्या पोरांना पुढे बोलावलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर त्या सुकडीतली चिमूट चिमूट ठेवली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुढे किती वेळा प्रभुभोजन घेतलं असेल, पण हात पुढे केला की मला अजून ती चिमूट आठवते.

आजीच्या यादीत एक नाव असं होतं की ते आलं की आई पहाटेच्या अंधारात कूस बदलायची. आजी नवी नवरी असताना तिला गावातल्या ज्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्या विहिरीच्या मालकाचं. घागर घेऊन ती तासभर उभी होती, आणि शेवटी ओढ्यात झिरा उकरून गढूळ पाणी घेऊन घरी आली. हे तिने कधी लपवलं नाही आणि विसरलीही नाही. पण रोज पहाटे त्या माणसाचं, त्याच्या मुलांचं, पुढे नातवंडांचंही नाव घेत गेली. आईला ते पटत नसे. एकदा तिने विचारलंच. आजी म्हणाली, “त्याचं नाव घेतलं नाही तर मला पुढचं आठवतच नाही.” या उत्तराचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. क्षमा करणं तिला सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. रोज नव्याने करावं लागत होतं, म्हणून तर रोज नाव.

आणि मग नाना-आण्णांचं भांडण. नाना माझे मोठे चुलते, आण्णा माझे वडील. कारण साधं, बांधाचं. बांध कोरला म्हणून शब्दाला शब्द वाढला, नानांनी आपला संसार सात मैलांवरच्या गावी सासुरवाडीच्या जमिनीवर हलवला, आणि येणंजाणं बंद झालं. आजी कुणाला काही बोलली नाही. फक्त पहाटे ‘नाना, आण्णा’ ही नावं ती जोडून घ्यायला लागली. मध्ये श्वासही घ्यायची नाही.

चारेक महिने असे गेले. प्रभुभोजनाचा रविवार आला. पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर आण्णा बसलेले, मी त्यांच्या मांडीला टेकून. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की ज्याच्या मनात भावाबद्दल काही असेल त्याने आधी ते मिटवावं. हे आम्ही दर वेळी ऐकायचो. भाकरीचं ताट रांगेतून सरकत आलं. आण्णांनी ते हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि काही न घेता पलीकडच्याला दिलं. मग उठले. सगळी मंडळी बघत होती. त्यांनी पायांत चपला घातल्या, लिंबाला टेकवलेली सायकल घेतली आणि गेले. मी बायकांच्या बाजूला आजीकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही. तिचे ओठ तेवढे थरथरत होते.

आण्णा रात्री उशिरा परत आले. काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी नाना आपल्या बैलगाडीतून सगळ्यांना घेऊन चर्चला आले, एवढं आम्हाला माहीत.

बाकीचं मला पुण्यातल्या त्या रात्री, पन्नास वर्षांनी कळलं. नानांची थोरली मुलगी सांगत होती. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं. अंगणात सायकल पडल्याचा आवाज झाला. स्टँडला लावायचंही त्यांना सुचलं नव्हतं. नाना बाजेवर बसून दोर वळत होते. त्यांनी वर पाहिलं, दोर खाली ठेवला. दोघं भाऊ कितीतरी वेळ एकमेकांकडे नुसते बघत राहिले. मग नाना म्हणाले, “जेवलास का?”

आण्णा म्हणाले, “नाही.”

आणि मोठी आई आतून कुणी न सांगताच बाहेर आली, तिने हात धुतले आणि परातीत पीठ घेतलं.